मुक्कामी गाडी परत आणताना

आमच्या खोऱ्यातली मुक्कामी एसटी मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत थांबली ती थांबलीच. टाळेबंदी उठली, शाळा उघडल्या, तोवर ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. संप मिटल्यावर तालुक्याहून खोऱ्यातल्या मोठ्या गावापर्यंतच्या गाड्या हळूहळू रुळावर आल्या. पुढचे नऊ किलोमीटर मात्र तसेच राहिले. त्या नऊ किलोमीटरवर आमच्या पाच वाड्या आहेत, आणि रस्ता जिथं संपतो तिथली शेवटची वाडी माझी.

सातारा जिल्ह्यातला हा डोंगरी पट्टा. घरटी एक माणूस मुंबईला, कुणी माथाडीत, कुणी गोदीत, कुणी हॉटेलात. गावात राहतात त्या बाया, म्हातारी माणसं आणि पोरं. म्हणजे एसटीवाचून ज्यांचं अडतं तीच माणसं. ज्याच्याकडं मोटारसायकल आहे तो जातो, बाकीच्यांना वडाप. जीप भरल्याशिवाय हलत नाही, नऊ किलोमीटरला सीटमागं चाळीस रुपये घेते आणि दुपारी चारनंतर एकही जीप वर यायला तयार नसते. हायस्कूल मोठ्या गावात, सुटतं पाच वाजता. पाचला सुटलेल्या मुलींनी घरी यायचं कसं? चालत. पावसाळ्यात निम्म्या वाटेतच अंधार पडतो, आणि मधला दोन किलोमीटरचा पट्टा सगळा रान आहे. त्या काळात वाड्यांमधल्या काही मुली आठवी करून घरी बसल्या. त्यातल्या एकीचं पुढच्याच वर्षी लग्न लावून दिलं. त्या पोरीचं अक्षर मोत्यासारखं होतं. आमच्या बचत गटाचं इतिवृत्त कितीदा तरी तिनंच लिहून दिलं होतं. ती गोष्ट माझ्या मनातून जात नाही, आणि या सगळ्यात मी पडले ती तिच्यामुळं.

सरकारच्या सवलती कागदावर चांगल्या आहेत. अहिल्याबाई होळकर योजनेत खेड्यातल्या शाळकरी मुलींना पास मोफत. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत आणि ६५ ते ७५ वयाच्यांना निम्मं तिकीट. मार्च २०२३ पासून बायकांना सरसकट निम्मं तिकीट. शेजारच्या खोऱ्यातल्या बाया माहेरी, बाजाराला, दवाखान्याला बिनघोर जाऊ लागल्या. आमच्याकडं आधार कार्ड होतं, वय होतं, बाई असणं होतं, गाडी नव्हती. आमच्या वाडीतली एक आजी मला म्हणाली, "आगं, फुकाट म्हंत्यात ती एष्टी हाय कुटं? मला जीपवाला चाळीसातलं दोन रुपय सोडत न्हाई."

बचत गटाच्या बैठकीत ठरलं की आगारात जाऊन निवेदन द्यायचं. पाचही वाड्यांच्या सह्या-अंगठे घेतले, पोच घेतली. काही आठवड्यांनी उत्तर आलं ते तीन ओळींचं: सदर मार्गावर भारमान कमी असल्याने व चालक-वाहकांची संख्या अपुरी असल्याने तूर्त फेरी सुरू करणे शक्य नाही. भारमान म्हणजे गाडीतल्या जागांपैकी किती भरतात ते प्रमाण. पुन्हा गेलो तेव्हा आगार व्यवस्थापकांनी बसवून घेतलं आणि नीट बोलले. "ताई, गाडी द्यायला माझी ना नाही. पण रोजचे किलोमीटर ठरलेले आहेत. तुम्हाला द्यायचे तर कुणाचे तरी काढावे लागतील. कुणाचे काढू, तुम्हीच सांगा."

हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटला. साथीच्या आधी एसटीकडं राज्यभर अठरा हजारांच्या आसपास गाड्या होत्या. जुन्या गाड्या मोडीत निघत गेल्या, नव्या तेवढ्या आल्या नाहीत, आणि प्रत्येक आगाराला आहे त्यातच भागवावं लागलं. अशा वेळी 'आम्हाला गाडी द्या' एवढंच म्हटलं, तर समोरचा माणूस मनातून आपल्या बाजूचा असला तरी त्याच्या हातात काही नसतं. त्याला करता येईल असं काहीतरी आपणच शोधून त्याच्या टेबलावर ठेवावं लागतं.

ते शोधायला मदत केली तात्यांनी. तात्या खालच्या वाडीतले, वाहक म्हणून निवृत्त झालेले, उभी हयात एसटीत गेलेली. १ जून १९४८ ला पहिली एसटी पुण्याहून अहमदनगरला निघाली, ही तारीख ते लेकराबाळांच्या वाढदिवसाइतक्या सहज सांगतात. त्यांनी पहिलंच विचारलं, "भारमान कमी म्हंत्यात, पर कुठल्या फेरीचं?"

ते आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. मग माहितीच्या अधिकारात अर्ज केला. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं आणि हवं ते नेमक्या शब्दांत मागायचं, एवढंच असतं ते. 'मार्गाची माहिती द्यावी' असं मोघम लिहिलं तर उत्तरही मोघम येतं. तात्यांनी मजकूर सांगितला: २०१९ मधल्या अमुक तीन महिन्यांचं, या मार्गाचं, फेरीनिहाय भारमान व उत्पन्न. मुदतीत कागद आले. तात्यांनी चष्मा लावून ओटीवर ते पसरले आणि बोटानं रेघा दाखवत गेले. पहाटे वाडीतून सुटणारी फेरी भरलेली. संध्याकाळी वर येणारीही चांगली. पण दुपारी एक वाजता तीच गाडी पुन्हा एकदा वर यायची आणि उलटपावली खाली जायची, ती जवळजवळ मोकळी. त्या एका फेरीनं साऱ्या मार्गाची सरासरी खाली ओढली होती. आम्ही पाच वाड्या मिळून ज्या गाडीसाठी तळमळत होतो तिच्यावर 'कमी भारमान' हा शिक्का दुपारच्या रिकाम्या फेरीमुळं बसला होता.

तात्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी गाडीत रोज बसणाऱ्यालाही ठाऊक नसते. पासाचे पैसे आगारात एकदाच भरले जातात. त्या फेरीच्या रोजच्या रोकडीत ते दिसत नाहीत. मोफत पासवाल्या मुलींचं तर नाणंसुद्धा वाजत नाही. म्हणजे मुलींनी गच्च भरलेली गाडी हिशेबात बिचारी गरीब दिसते. आणि ७५ वर्षांवरच्या माणसानं शून्य रुपयाचं का होईना, तिकीट घ्यायलाच पाहिजे. ते फाडलं तरच त्याचा प्रवास नोंदला जातो आणि सरकारकडून त्याची भरपाई एसटीला मिळते. "कंडक्टर म्हणला बसा आजी, राहू द्या, तर ऐकायचं न्हाई," तात्या म्हणाले, "तिकीट मागूनच घ्यायचं. त्यात आजीचं काय जात न्हाई, पर गाडीचं जातं."

मग आम्ही बायकांनी घरोघर फिरून वही भरली. दोनशेपानी शाळेची वही, त्यात उभ्या रेघा मारून घरं: कोण जातं, कुठं, कोणत्या वारी, किती वाजता पोचायला हवं, परत कधी, आत्ता कशानं जातं आणि त्याला किती पैसे पडतात. हे शेवटचे दोन रकाने मी मुद्दाम घातले. वर्ग संपवून आलेल्या मुलींनीच बऱ्याच घरांची माहिती लिहून आणली.

वहीतून जे वर आलं ते मला आधी असं स्पष्ट दिसलं नव्हतं. सगळे म्हणत होते गाडी पाहिजे. पण माणसांच्या वेळा पाहिल्या तर पाहिजे होत्या त्या दोनच वेळा. सकाळी लवकर खाली आणि संध्याकाळी शाळा सुटल्यावर वर. कॉलेजच्या पोरांना सकाळी तालुक्यात पोचायचं. सरकारी दवाखान्याची ओपीडी सकाळची. केसपेपर काढायला उशीर झाला की दिवस गेला. दूध आणि भाजी खाली न्यायची तीही सकाळीच. हायस्कूलच्या मुलींना सकाळची गाडी जरा लवकर होत होती, पण हायस्कूलचे मुख्याध्यापक म्हणाले की वाचनालयाची खोली तेवढा वेळ उघडी ठेवतो. दुपारी एकला कुणालाच कुठं जायचं नव्हतं. आठवडी बाजाराचा एक वार सोडला तर दुपारचा रकाना कोराच होता.

गाडी असणं आणि गाडी कामाची असणं यात वेळेचं अंतर आहे. खेड्यात एसटी रिकामी धावते म्हणून ती बंद करावी, असं जेव्हा कुणी म्हणतं, तेव्हा मला विचारावंसं वाटतं की ती किती वाजता धावते. नवाला शाळा असेल आणि गाडी दहाला येत असेल तर ती रिकामीच येणार; त्यात गावाला गरज नाही असं कसं ठरतं?

आता दुसरा अर्धा भाग: गाडी कुठून आणायची. मोठ्या गावाच्या थांब्यावर आमच्यातल्या दोघी आळीपाळीनं बसल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या वेळा लिहिल्या. संध्याकाळी तालुक्याहून एक गाडी पावणेसहाच्या सुमाराला यायची, अर्धा-पाऊण तास तिथंच उभी राहायची आणि जवळपास मोकळी परत जायची. सकाळी साडेसहाला हीच गाडी तालुक्याहून पुन्हा मोकळी वर यायची, माणसं घ्यायला. तात्या म्हणाले, "हिला वर मुक्कामाला आणा. सांजचं मोकळं जाणं वाचलं, सकाळचं मोकळं येणं वाचलं. ते किलोमीटर आपल्याला."

हे गणित सोपं होतं आणि तेच निर्णायक ठरलं. तालुक्यापासून मोठं गाव तेवीस किलोमीटर. रिकामं जाणं-येणं मिळून शेहेचाळीस वाचणार, आणि आमच्यासाठी वर-खाली अठरा लागणार. आम्ही कुणाचेच किलोमीटर काढून मागत नव्हतो. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव झाला. त्याआधीच्या महिला ग्रामसभेत एरवी बाया नुसत्या सह्यांपुरत्या येतात, त्या दिवशी बसायला जागा पुरली नाही. ठरावात 'बस सुरू करावी' एवढंच लिहिलं नाही; कोणती गाडी, कुठून पुढं न्यायची, किती वाजता सुटावी, पासधारक मुली किती, हे सगळं लिहून वहीच्या पानांच्या झेरॉक्स जोडल्या. आगार व्यवस्थापकांनी ते वाचलं आणि तिथंच वाहतूक निरीक्षकांना हाक मारली.

अडचणी मग खऱ्या सुरू झाल्या, पण त्या हात घालता येतील अशा होत्या.

पहिली, मुक्कामाची. चालक-वाहकांना मुक्कामी ड्युटी का नको असते हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. एका चालकदादांनी सांगितलं: रात्री सीटवर अंग मुडपून झोपायचं, डास फोडून काढतात, पहाटे अंधारात संडासला जायला जागा नाही, पाणी मागायला कुणाचं तरी दार वाजवायचं, आणि त्याच डोळ्यांनी सकाळी घाट उतरायचा, मागं पन्नास माणसं. गावानं गाडी मागावी आणि गाडी घेऊन येणाऱ्याची झोप कुणी विचारू नये, हे बरोबर नाही. समाजमंदिराच्या मागं एक खोली होती, मंडपाचं सामान ठेवायची. ती आम्ही रिकामी केली, चुना मारला, दोन लोखंडी पलंग, गाद्या, मच्छरदाण्या, पंखा, मोबाईल चार्ज करायला बोर्ड. शेजारी पंचायतीनं संडास-बाथरूम बांधून नळ जोडला. पहाटे अंघोळीला गरम पाणी आणि चहा देण्याची जबाबदारी बचत गटानं घरं वाटून घेतली. या खोलीचे फोटो मी पुढच्या अर्जाला जोडले, आणि माझी खात्री आहे की आमच्या सगळ्या कागदांत त्यांचं वजन सर्वांत जास्त होतं.

दुसरी अडचण रस्त्याची. मोटारसायकल आणि जीप जाते म्हणजे एसटी जाईल असं नसतं. साधी एसटी अकरा-बारा मीटर लांब. रस्ता बसवाहतुकीला योग्य आहे असं बांधकाम खात्याकडून लेखी लागतं. आमच्याकडं चार वर्षांत मोठी गाडीच न आल्यानं साइडपट्ट्या खचल्या होत्या, दोन्ही बाजूंनी घाणेरी आणि करवंदीची जाळी रस्त्यावर आली होती, एका मोरीचा कठडा वाहून गेला होता. झाडी आम्ही श्रमदानानं तोडली, पाचही वाड्यांनी आपापला टप्पा वाटून घेऊन. मोरीसाठी जिल्हा परिषदेत खेटे घालावे लागले. शेवटच्या वाडीत गाडी वळवायला जागा हवी होती. जुनी जागा एका घराच्या अंगणात गेली होती; मग एका शेतकऱ्यानं बांधालगतचा आपल्या खाचराचा कोपरा दिला. भाताचं खाचर आमच्याकडं कुणी सहजासहजी देत नाही. त्याची नात तेव्हा सातवीत होती.

चाचणीसाठी गाडी आली तो दिवस. वाहतूक निरीक्षक, एक चालक, एक वाहक, आणि आत तात्या, मी व सरपंच. रानातल्या चढावर एक आखूड वळण आहे, एका अंगाला दरड आणि दुसऱ्या अंगाला नाला. चालकदादांनी गाडी वळणाच्या अलीकडं उभी केली, हँडब्रेक ओढला आणि खाली उतरले. वळण पायांनी मोजलं. नाल्याच्या कडेला जाऊन टाचेनं माती दाबून पाहिली. मागच्या चाकाची वाट कुठून जाईल तिथं एक दगड ठेवला, परत वर आले आणि पहिला गिअर टाकला. गाडीचं तोंड दरडीला घासेल की काय असं वाटेपर्यंत पुढं गेली, मग वळली. मागचं टोक नाल्यावर अधांतरी गेलं, वाहक दारात उभे राहून "येऊ द्या, येऊ द्या" म्हणत होते. चाक दगडाच्या आतल्या अंगानं गेलं. निरीक्षकांनी वहीत लिहिलं: वळणावर बाहेरच्या बाजूस भराव व दगडी पिचिंग आवश्यक, पावसाळ्यात वेग मर्यादित. ते पिचिंग, म्हणजे कडेला दगड रचून दिलेला आधार, होईपर्यंत परवानगी मिळाली नाही, आणि ती मिळाली नाही हेच योग्य झालं. त्या गाडीत आमचीच पोरं बसणार होती.

तिसरी गोष्ट नाजूक होती. वडापवाले कुणी परके नाहीत. आमचीच पोरं, कर्ज काढून जीप घेतलेली, हप्ते अंगावर. एसटी आली की यांच्या पोटावर पाय. एक जण मला म्हणाला, "वहिनी, चार वर्षं रात्री-अपरात्री बाळंतपणाला आमीच नेलं की न्हाई?" नेलं होतं, खरंच. आजही रात्री साप चावला तर तीच जीप धावते. तात्यांच्या ओटीवर बसून बोलणं झालं. ठरलं ते असं: सकाळच्या आणि संध्याकाळच्या गाडीच्या अर्धा तास आधी-मागं जीप थांब्यावरून प्रवासी भरणार नाही, दिवसभराचा धंदा आणि बाजाराचा वार त्यांचा, दुपारची एसटी आम्ही मागणार नाही. दुपारची फेरी वहीप्रमाणंही नकोच होती, त्यामुळं ती सोडताना कुणाचं काही गेलं नाही. सगळेच पाळतात असं नाही, पण बहुतेक पाळतात.

गाडी सुरू झाली ती प्रायोगिक तत्त्वावर, म्हणजे उत्पन्न बघू आणि ठरवू. म्हणून पहिल्या दिवशी हार-नारळ झाल्यावर आम्ही वाडीवाडीत एकच सांगत फिरलो: मोटारसायकलवर मागं बसून जायचं असलं तरी शक्य तेव्हा एसटीनं जा, तिकीट घ्या, शून्याचं असलं तरी मागून घ्या. एसटीच्या तिकिटाचा एक टप्पा सहा किलोमीटरचा, म्हणजे आमचे नऊ किलोमीटर दोन टप्प्यांत बसतात, आणि बाईला त्याचं निम्मंच तिकीट. जीपचे चाळीस रुपये देणाऱ्या बाईला हे वेगळं समजावून सांगावं लागलं नाही. नोंदी मात्र आम्ही ठेवत राहिलो: गाडी किती वाजता आली, किती माणसं, फेरी रद्द झाली तर कारण काय. वाहतूक नियंत्रकांना फोन करून 'आज गाडी नाही आली' म्हणण्यापेक्षा 'या महिन्यात या तारखांना आली नाही' असा कागद दिला की त्याचा विचार होतो. फोन विसरला जातो, कागदाला जावक क्रमांकाचं उत्तर द्यावं लागतं.

आठवीनंतर घरी बसलेल्या मुलींपैकी दोघी पुन्हा हायस्कुलात जातात, बाकीच्या नाही आल्या. ज्येष्ठ माणसं महिन्याच्या गोळ्या आणायला स्वतः जातात, सुनेची वाट बघत बसत नाहीत. ज्या आजीला जीपवाला दोन रुपये सोडत नव्हता ती आता दर सोमवारी उगाचच मोठ्या गावाला जाऊन बहिणीकडं जेवून येते, आणि मला वाटतं तेही गाडीचं काम आहे.

सगळं सुटलेलं नाही. जुलैत दरड आली की गाडी मोठ्या गावातूनच परत फिरते. रविवारची फेरी अजून मिळालेली नाही. आणि उन्हाळ्याची सुट्टी लागली की शाळेची फेरी समजून ही गाडी बंद ठेवतात, नेमकी तेव्हाच मुंबईची माणसं आणि लग्नसराई असते. गेल्या मे महिन्यात रोज किती माणसं थांब्यावर आली आणि वडापनं गेली हे मुलींनी सुट्टीत बसून लिहून ठेवलं आहे. त्या पानांच्या झेरॉक्स काढून झाल्या, तात्यांनी अर्ज तपासून दिला. येत्या सोमवारी सकाळच्या गाडीनं आम्ही चौघी तो आगारात द्यायला जाणार आहोत.